स्टिअरिंगला प्ले किती?

गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीतल्या पाच-सहा जणांनी नवी गाडी घ्यायची म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेतल्या. सगळे माझ्यासारखेच, आयटीवाले नाहीतर बँकवाले, तिशीच्या अलीकडे-पलीकडे. परत आल्यावर प्रत्येकाकडून साधारण तेच ऐकलं. सनरूफ मस्त आहे, स्क्रीन केवढी मोठी, पिकअप ठीक, मायलेजचं बघू. स्टिअरिंग कसं वाटलं असं मुद्दाम विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "एकदम लाइट रे, एका बोटाने फिरतं!"

हे ऐकलं की माझ्यातला मेकॅनिकल इंजिनियर अस्वस्थ होतो. (हो, डिग्री मेकॅनिकलची आणि पोटपाणी कोडवर. नाशकात अशी माणसं गल्लोगल्ली सापडतील.) एका बोटाने फिरतं ही पार्किंगमधली गोष्ट झाली. ऐंशीच्या वेगात खड्डा आला तर ते हातात काय करतं, वळण संपल्यावर आपणहून सरळ येतं का, जोरात ब्रेक मारला तर एका बाजूला ओढतं का, हे कोणी बघितलेलंच नसतं. सहा महिने पगार साठवून आपण गाडी घेतो आणि तिच्यातली आपल्या जिवाशी सगळ्यात थेट जोडलेली वस्तू न तपासता घरी येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. स्टिअरिंगमधला दोष आधी माणसाच्या हाताला कळतो, तोही चालत्या गाडीत आणि खऱ्या रस्त्यावर. त्याचं मोजमाप, त्याचं यंत्र, त्याचा नियम हे सगळं मागाहून येतं. म्हणून यंत्रं कितीही चांगली आली तरी रस्त्यावरच्या चाचणीतून माणसाचा हात काढून टाकणं मला धोक्याचं वाटतं. आणि आपण सध्या नेमकं तेच करतोय. हे मी कशाच्या जोरावर म्हणतो ते सांगायला जरा मागे जावं लागेल, मोटारीच्या अगदी जन्मापर्यंत.

जुन्या मुंबईची व्हिक्टोरिया घोडागाडी आठवा. तिचा पुढचा आस म्हणजे एक अखंड दांडा, मधोमध एका खिळीवर बसवलेला. वळायचं तर तो सगळा दांडा दोन्ही चाकांसकट फिरतो. आता डाव्या चाकाखाली दगड आला की काय होईल? चाक मागे ढकललं जाईल आणि आख्खा आस खिळीभोवती फिरायला बघेल. मधल्या खिळीपासून चाकापर्यंतचं अंतर दीड-दोन फूट, म्हणजे तरफ चांगलीच लांब. घोडागाडीत याचा त्रास होत नाही, कारण त्या आसाला घोडे जुंपलेले असतात आणि त्यांच्या वजनापुढे दगडाचं काही चालत नाही. आता घोडे काढून घ्या आणि त्यांच्या जागी गाडीवानाच्या हातात एक दांडा द्या. प्रत्येक दगडाचा हिशोब आता त्याच्या मनगटाला चुकवायचाय.

गंमत म्हणजे यावरचा उपाय मोटार जन्मायच्या कितीतरी आधीच सापडला होता. म्युनिकचा गाड्या बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने १८१७ च्या सुमारास दाखवलं की आस जागचा हलवायचाच नाही, प्रत्येक चाक स्वतःच्या छोट्या खिळीवर वेगळं फिरवायचं. शिवाय वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं. लंडनमधल्या रुडॉल्फ अॅकरमन याने त्याच्या वतीने १८१८ मध्ये पेटंट घेतलं आणि आज आपण कॉलेजात शिकतो ती 'अॅकरमन जॉमेट्री'. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. आयटीवाल्यांना हे नवीन नाही.

पण पुढची सत्तर वर्षं ही कल्पना जवळपास पडून राहिली. घोड्यांना तिची गरजच नव्हती. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेली गाडी तीन चाकी आहे, ती याचमुळे. चार चाकांचं समाधानकारक स्टिअरिंग त्याला जमत नव्हतं, म्हणून पुढे एकच चाक लावलं. आतलं-बाहेरचं अशी भानगडच नाही. प्रॉब्लेम सुटत नसेल तर रिक्वायरमेंट बदला, हा मंत्र तेव्हापासूनचा आहे तर. :)

त्या गाडीची पहिली खरी रोड टेस्ट बेंझने केलीच नाही. ती केली त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर, गाडी चालवत गेली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर आणखी एक गिअर हवा असं सांगितलं. कारखान्याच्या अंगणात गाडी कितीही फिरवली असती तरी हे दोन मुद्दे निघाले नसते. चार चाकांचं स्वतःचं स्टिअरिंग बेंझने १८९३ मध्ये पेटंट केलं, आणि ते लावलेल्या गाडीचं नाव काय? व्हिक्टोरियाच.

पण चाकं नीट वळू लागली म्हणून गाडी नीट चालवता येऊ लागली असं झालं नाही, कारण चालवणाऱ्याच्या हातात अजून दांडाच होता. होडीच्या सुकाणूसारखा. एमिल लव्हासोर या फ्रेंच इंजिनियरने १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत असलाच दांडा धरून जवळजवळ बाराशे किलोमीटर अंतर सुमारे ४९ तासांत कापलं, तेही बहुतेक सगळा वेळ एकट्याने. सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर. आपल्या रिक्षापेक्षा कमी. या वेगाला दांडा कसाबसा चालून गेला. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतीत एका कुत्र्याला चुकवताना त्याची गाडी उलटली. त्या दुखापतीतून तो पुरता सावरला नाही आणि एप्रिल १८९७ मध्ये गेला.

दांड्यात नेमकं काय चुकतं ते समजून घेण्यासारखं आहे. गाडी झटक्यात वळली की चालवणाऱ्याचं अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. दांडा आडवा सरकवायचा असल्यामुळे अंगाबरोबर हात जातो आणि हाताबरोबर दांडा. म्हणजे वळणं हेच पुढच्या वळण्याचं कारण बनू शकतं. आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. कागदावर काढलेल्या आकृतीत हे दिसणार नाही, कारण आकृतीत चालवणाऱ्याचं अंगच नसतं. गोल चाकाचं तसं नाही. ते दोन्ही हातांनी दोन बाजूंना धरलेलं असतं. अंग हेलकावलं तर एक हात ढकलतो, दुसरा ओढतो, आणि चाक बरंचसं जागेवर राहतं.

गोल चाक तेव्हा कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. आल्फ्रेद वाशरों नावाचा गृहस्थ १८९४ मध्येच पॅरिस-रुआं स्पर्धेत पानार गाडीला गोल स्टिअरिंग लावून उतरला होता. तरीही लव्हासोर स्वतः पानार कंपनीचा भागीदार असून दांड्यावरच चालवत राहिला. १८९८ च्या पॅरिस-अॅम्स्टरडॅम शर्यतीसाठी त्याच कंपनीत आर्थर क्रेब्सने तिरक्या दांडीवर बसवलेलं गोल स्टिअरिंग लावलं आणि मग थोड्याच वर्षांत दांडा इतिहासजमा झाला. कल्पना आणि तिचा स्वीकार यांच्यामध्ये चार वर्षं गेली, आणि एक माणूसही.

(विषयांतर होतंय, पण १८९८ हेच वर्ष मुंबईत पहिल्या मोटारी आल्याचं मानलं जातं. सुरुवातीच्या मालकांत जमशेटजी टाटांचं नाव घेतात.)

गोल चाक आल्यावर पुढचा वाद सुरू झाला, आणि तो मला सगळ्यात आवडतो, कारण तो आजही संपलेला नाही. रस्त्याचा धक्का हातापर्यंत येऊ द्यायचा की नाही? त्या काळच्या कितीतरी कंपन्या 'इर्रिव्हर्सिबल' स्टिअरिंग अभिमानाने विकायच्या. वर्म गिअर असा की हाताने चाकं फिरतात, पण चाकांनी हात फिरत नाही. दगड आला तरी मनगटाला पत्ता नाही. ऐकायला किती छान! पण लोक चालवायला लागले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, धक्का नाहीसा होत नाही, तो हाताऐवजी मधल्या दांड्या आणि सांधे खातात, आणि एक दिवस तिथेच काहीतरी तुटतं. दुसरी जास्त महत्त्वाची. ज्या वाटेने धक्का येतो त्याच वाटेने बातमीही येते. चाक घसरायला लागलंय, रस्ता निसरडा आहे, टायर बसतोय, हे सगळं हाताला कळायचं बंद झालं. दुसऱ्या टोकाला फोर्डची १९०८ ची मॉडेल टी. तिच्या स्टिअरिंगच्या चाकाखालीच छोटे गिअर होते, प्रमाण साधारण चारास एक. बातमी भरपूर, आणि खडीवर अंगठा मोडून घ्यायची सोयही भरपूर. शेवटी सगळे मधल्या वाटेवर आले. थोडं येऊ द्यायचं, सगळं नाही. हे 'थोडं' म्हणजे किती, ते कोणत्याही सूत्रातून आलं नाही. लोक चालवत गेले, हात दुखवत गेले आणि ते ठरत गेलं.

तसंच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याचं. सायकल हात सोडूनही सरळ जाते, कारण तिचा पुढचा फोर्क तिरका असतो आणि चाक वळायच्या अक्षाच्या थोडं मागे जमिनीला टेकतं. ऑफिसच्या खुर्चीची चाकं फरपटत मागे येतात तोच प्रकार. मोटारीत याला कॅस्टर म्हणतात. क्रेब्सच्या त्या काळच्या डिझाइनमध्ये ही कल्पना दिसते. कॅस्टर कमी असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही तरंगल्यासारखी इकडेतिकडे जाते, फार असेल तर वळवताना खांदे भरून येतात. पुन्हा तेच. आधी कोणाचे तरी खांदे भरून आले, मग अंश ठरले.

आपल्याकडे हा प्रकार कसा झाला असेल याचं चित्र मी बरेचदा डोळ्यासमोर आणतो. १९०८ मध्ये रोल्स-रॉईसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणून ओळखली गेलेली गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणी स्पर्धेत उतरली होती. ६२० मैल, म्हणजे सुमारे हजार किलोमीटर, आणि वाटेत सहा घाट. ती जिंकली आणि नंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये याच मॉडेलची दुसरी गाडी तिथल्या ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैल पळवून, मग सुटी करून, भाग न भाग मोजून पाहिला होता. तो प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे, आणि शास्त्रीय म्हणून कौतुकही त्याचंच होतं. मला मात्र आपल्या घाटांची परीक्षा जास्त कठीण वाटते. डांबर नाही, खडी आणि मुरूम. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, कारण पुढच्या चाकांना ब्रेक सर्रास यायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. पॉवर स्टिअरिंग नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून बैलगाड्या. उतारावर अशी जड गाडी नागमोडी वळणातून काढताना त्या चालकाच्या हाताला जे कळलं असेल, ते कुठल्या कोष्टकात लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या चाकांना ब्रेक आले, त्याच सुमारास कमी हवेचे जाड 'बलून' टायर आले (१९२३ पासून), आणि एक नवीनच भूत उभं राहिलं. ठरावीक वेगाला पुढची चाकं डावी-उजवी नाचायला लागायची. स्टिअरिंग हातातून सुटेल इतकी. इंग्रजीत शिमी. अखंड आसाच्या गाडीत एक चाक उंचवट्यावर चढलं की आस तिरका होतो, फिरतं चाक भोवऱ्यासारखं वागून आपणहून वळतं, त्याने दुसरं वळतं, आणि एकदा ताल जमला की थांबत नाही. सांध्यात प्ले असेल तर विचारूच नका. जुनी जीप चालवलेल्या कोणाही नाशिककराला हे समजावून सांगायची गरज नाही. उभ्या गाडीत हे भूत दिसत नाही. हळू चालवली तरी दिसत नाही. विशिष्ट वेग, विशिष्ट खड्डा, विशिष्ट झीज असं सगळं जुळून यावं लागतं. आपल्याकडे ज्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात ना, त्यातलाच हा बग. मॉरिस ऑली हा इंजिनियर १९३० मध्ये रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि १९३४ च्या मॉडेल्सना पुढच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं, तेव्हा कुठे या भुताला मोटारीतून हाकललं गेलं. 'अंडरस्टिअर' आणि 'ओव्हरस्टिअर' हे शब्दही त्याच दशकातले, आणि त्यांच्या मागेही ऑलीचं नाव आहे. म्हणजे बघा, मोटार जवळपास पन्नास वर्षांची होईपर्यंत ती वळणात हवी त्यापेक्षा कमी वळते की जास्त, यासाठी धड शब्दसुद्धा नव्हता. हातांना मात्र माहीत होतं.

आपल्या गॅरेजवाल्यांकडे ते शब्द कधीचे आहेत. गाडी ओढते. गाडी तरंगते. स्टिअरिंग मारतं. प्ले आलाय. द्वारकेच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला यातला एक शब्द सांगा, तो गाडीखाली न वाकता टाय रॉड एंड की बुश की बेअरिंग ते सांगेल.

आता आजच्या काळात येतो. माझ्या मामांचा सहाचाकी टेम्पो आहे. गिरणाऱ्याचा टोमॅटो वाशी मार्केटला नेतात. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला तरी मामांचा रस्ता टोल वाचवायला कसारा घाटाचाच. गेल्या वर्षी टेम्पोच्या फिटनेसची वेळ आली. स्टिअरिंगला प्ले फार होता, म्हणून त्यांनी आधी किंगपिन किट बदलून घेतलं, मग गाडी तपासणीला नेली. तपासणी यंत्रावर झाली. कोणत्या केंद्रात ते महत्त्वाचं नाही. पुढची चाकं हलत्या प्लेटवर उभी केली, प्लेट मागेपुढे, डावी-उजवी हलली, सांधे बघितले, प्ले जवळपास शून्य. पास. सर्टिफिकेट हातात.

घाटात जाताना मामांना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण नवीन काम आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून ते चालवत राहिले. दोन फेऱ्यांनंतर नेहमीच्या मेकॅनिककडे ब्रेकच्या कामाला टेम्पो लावला. मी तेव्हा तिथे होतो. मेकॅनिकने सवयीप्रमाणे एक चक्कर मारली. पहिल्या चौकात वळण घेऊन हात सैल सोडले आणि पुढच्या शंभर फुटांत परत फिरला. मामांना म्हणाला, "काका, सरळ आहे तोवर सरळ जाते. पण एकदा वळली की वळलेलीच राहते. घाटात नेऊ नका."

खोलल्यावर कारण सापडलं. नव्या पिनचे बुश रीमर नीट न मारता ठोकून बसवले होते. पिन जवळपास जाम. स्टिअरिंग आपणहून परत येईना, ओढून आणावं लागत होतं. आणि विनोद असा की प्ले शून्य होता तो त्याचमुळे! जाम सांध्याला कसला आलाय प्ले?

मोटार वाहन नियमांत ९८ क्रमांकाचा नियम आहे. स्टिअरिंगचा प्ले तीस अंशांपेक्षा जास्त नको. घड्याळात बारापासून एकपर्यंत काटा जातो तेवढं. चांगला नियम आहे, असायलाच हवा. पण तो एकाच आजाराचा नियम आहे. सैलपणाचा. घट्टपणा धरायला ती प्लेट बनवलेलीच नाही.

मी यंत्रांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले ते योग्यच झालं. त्याआधी गाडीकडे नुसतं बघून, कधी न बघताही, सह्या व्हायच्या, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. यंत्र चहा पीत नाही, ओळख काढत नाही. ब्रेकचं तर रोलरवर उत्तम मोजमाप होतं. पण स्टिअरिंगच्या बाबतीत उभ्या गाडीची तपासणी म्हणजे पेशंटला खुर्चीत बसवून लंगडतो का ते बघणं. दोन किलोमीटरची चक्कर, एक आठचा आकडा, एक जोरात ब्रेक, एकदा वळणातून बाहेर पडताना हात सैल. दहा मिनिटांचं काम आहे. ते तपासणीत असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

यावर ऑफिसातल्या एका मित्राने लगेच मुद्दा काढला : मग परत माणूस आला, परत 'मला बरी वाटली' आलं, आणि परत पाकीट आलं. मुद्दा बरोबर आहे. पण गाडी कंपन्यांत ट्रेनिंग घेतलेले ड्रायव्हर हेच काम करतात आणि स्टिअरिंगला दहापैकी गुण देतात. तीच गाडी, तोच रस्ता, वेगवेगळे ड्रायव्हर, आणि गुण बऱ्यापैकी जुळतात. हात हे मोजायचं साधन होऊ शकतं, त्याला सराव लागतो इतकंच. आणि आमच्यासारख्यांनाही इथे काम आहेच. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जायरोस्कोप आहे. स्टिअरिंगवर एक छोटा सेन्सर, डॅशबोर्डवर एक, आणि हात सोडल्यावर गाडी किती सेकंदांत सरळ झाली याचा आलेख सर्व्हरवर. पाकीट देऊन आलेख सरळ करणं जरा कठीण पडेल. मेकॅनिकने शंभर फुटांत ओळखलं त्याचं मोजमाप असं नंतर तयार करता येतं. फक्त आधी कोणीतरी शंभर फूट गाडी चालवायला हवी.

हे सगळं टेम्पोवाल्यांचं झालं, आपल्या नव्या गाड्यांना काय धाड भरलीय, असं वाटत असेल तर पुन्हा त्या एका बोटाकडे येऊ. आजच्या बहुतेक नव्या कारमध्ये पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. हाताला लागतो तो जोर किती, रस्त्याची बातमी किती पोचवायची, वळणानंतर परत किती जोराने यायचं, हे एक मोटर आणि एक प्रोग्रॅम ठरवतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा तो इर्रिव्हर्सिबलचा वाद आता कोडमध्ये लढला जातोय. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. माझी आई पासष्टीत आरामात गाडी पार्क करते ती त्याच मोटरच्या जिवावर. पण शोरूमच्या बाहेरच्या दोन किलोमीटरमध्ये 'लाइट' वाटलं की गाडी विकली जाते हे ज्याला माहीत आहे, तो कोड कसा ट्यून करेल? आपण जे तपासू तेच सुधारलं जाणार.

पुढची पायरी म्हणजे मधला लोखंडी दांडाच काढून टाकायचा. इन्फिनिटीने २०१३ मध्ये क्यू५० या गाडीत स्टिअरिंग आणि चाकांचा संबंध वायरने जोडला. अडचण आली तर धरायला क्लच लावून जुना दांडा ठेवला होता, ते शहाणपणच. तरी २०१६ मध्ये त्या स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरसाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तो दांडाही नाही. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. टेस्ट केस त्याच लिहिल्या जातात ज्या आपल्याला सुचतात, हे मला चांगलं माहीत आहे. न सुचलेली केस प्रॉडक्शनमध्ये सापडते. माझ्या कामात प्रॉडक्शन म्हणजे एखादं रिपोर्टचं पान उघडत नाही. यांच्या कामात प्रॉडक्शन म्हणजे कसारा घाट.

अशा गाड्यांची चाचणी सिम्युलेटरवर लाखो किलोमीटर होते असं सांगतात. होऊ दे. पण आपल्या मुंबई-आग्रा रस्त्यावर अधूनमधून स्टिकर लावून चेहरा झाकलेल्या गाड्या दिसतात ना, भर उन्हात, पावसात, ट्रकच्या मागे मागे, त्या दिसायच्या बंद झाल्या तर मला काळजी वाटेल. त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या हाताला कधीतरी काहीतरी वेगळं लागणार आहे आणि त्याला अजून शब्द नाही.

तुमच्यापुरतं करायचं तर फार नाही. टेस्ट ड्राइव्हला गेलात की विक्रेता ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेईल. त्याला सांगा, आधी पाथर्डी फाट्याकडच्या सर्व्हिस रोडने जाऊ, मग हायवेला लागू. गाणी बंद ठेवा. दोन्ही हात चाकावर हलके ठेवून खड्ड्यातून न्या आणि हातात काय येतं ते बघा. मोकळ्या जागी वळण घेऊन पकड सैल करा, हात जवळच राहू द्या, आणि ते आपणहून कसं परत येतं ते बघा. मागे कोणी नसताना एकदा सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघा. मग हवं तर सनरूफ उघडा. विक्रेता थोडा वैतागतो, मध्येच मायलेजचं सांगायला लागतो. सांगू द्यावं.